मंगळवारची गाडी

चेंबूरमध्ये कोणाची गाडी किती फिरते हे मालकाला विचारण्यात अर्थ नसतो. सकाळी सहाला बादली आणि फडकं घेऊन येणाऱ्या माणसाला ते विचारावं. इकडे धुळीला तोटा नाही. पुनर्विकासाच्या पाडकामांची असते, सायन-ट्रॉम्बे रस्त्याची असते, आणि वारा तिकडून असला तर माहुलच्या बाजूचीही, जराशी चिकट. रोज चालणाऱ्या गाडीवर ती पातळ बसते, उभ्या गाडीवर थराने. उभ्या गाडीच्या वायपरखाली गुलमोहराची पानं अडकतात, बॉनेटवर मांजराची पावलं उमटतात. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे भाऊ म्हणतात, निम्म्या गाड्या शनिवार-रविवार सोडला तर जागच्या हलत नाहीत. पुसायच्या मात्र रोज.

आमच्या घरी गाडी घ्यायचं घाटत होतं तेव्हाच हे कानावर पडलं आणि डोक्यातून जाईना. गाडीची चर्चा बहुतेक घरांत सारखीच होते. गणपतीला गावी जायला बरी पडेल. आईला अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाच्या दारात जायचं? भाचीचं लग्न संगमनेरला, तेव्हा सामानासकट पाच माणसं. पावसाळ्यात एकदा माळशेज. यातलं खोटं काहीच नाही, पण हे सगळे दिवस वेचून एकत्र केले तर वर्षाचे वीस भरतील. उरलेल्या दिवसांचं कोणी नाव काढत नाही. साध्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला ही गाडी काय करणार? मी स्टेशनपर्यंत रिक्षाने जातो, १ फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं २६ रुपये आहे, आणि पुढे हार्बरची लोकल. लेकीची कॉलेजची वाट वेगळी, बायकोची बँक चालत जाण्याच्या अंतरावर. आपण गाडी घेतो ती त्या वीस दिवसांसाठी, आणि ती सांभाळतो मात्र सगळे मंगळवार.

शोरूममधली चाचणी फेरी तर त्या वीस दिवसांपैकीही नसते. गाडी आधीच गार करून ठेवलेली, सीटवरचं प्लास्टिक नुकतंच काढलेलं, शेजारी इस्त्रीच्या शर्टातला मुलगा आणि त्याने ठरवलेला रस्ता. आमच्या भागात हा रस्ता हमखास रुंद असतो. सकाळी अकराला सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांच्या कडेने सरळ जाऊन पुढच्या सिग्नलला वळून परत. वीस मिनिटांत माणूस फक्त स्टिअरिंगचा स्पर्श आणि स्पीकरचा आवाज घरी घेऊन येतो. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांतून गाडी काढायची झाली तर पुढचा कोपरा कुठे संपतो हे दिसतं का, चढावर उभी करून पुन्हा उचलताना ती मागे किती सरकते, तिघं मागे बसले की मधल्याचे गुडघे कुठे जातात, यातलं काही कळत नाही. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, तोच सौदा. फक्त म्हशीला आता सनरूफ आहे.

आपल्याला या सौद्याचं काही वाटत नाही, कारण आपल्या आधीच्या पिढीला तेवढंही मिळत नव्हतं. चेंबूरला लागूनच कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथलाच. प्रीमियर रोड हे नाव अजून आहे. तिथे बनणारी फियाट, पुढे जिचं नाव पद्मिनी झालं, ती घ्यायची म्हणजे नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायची. चालवून बघतो असं म्हणायला समोर गाडी तर हवी! हँडलजवळच्या दांडीचा गिअर आवडतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९८३ साली मारुती ८०० साठी लोकांनी दहा हजार रुपये भरून नोंदणी केली तेव्हा पहिली गाडी रस्त्यावर यायची होती; ती आली त्या वर्षीच्या डिसेंबरात. नंबर लागणं हाच आनंद होता. परवाना-कोट्याचे ते दिवस गेले, पण नंबर लागल्याचा तो आनंद अजून आपल्या अंगात आहे. म्हणून शोरूममध्ये समोर पाच रंग आणि सात प्रकार उभे असतानाही आपण परीक्षकासारखे न वागता, नंबर लागलेल्या माणसासारखे हरखून सही करतो.

शेतकरी असं करत नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या बैलबाजारात खिल्लार घेणारा दात बघतो, आदत आहे की दुसा की चौसा ते पारखतो, शेपूट-खूर तपासतो, आणि एवढं करूनही जमलं तर जुंपून बघतो. उभा बैल देखणा असतो. चालीचा आहे की नाही ते जू मानेवर आल्यावर कळतं.

तर जुंपून बघायचं बायकोने ठरवलं. घ्यायची तीच गाडी, त्याच बनावटीची, महिनाभर भाड्याने आणायची. आईचा याला विरोध होता. भाड्यात घालायचे पैसे हप्त्यात का नको घालायला, हा तिचा सवाल, आणि तो आपल्याकडच्या दहांपैकी नऊ जणांचा असतो. त्यावर विम्याचा तक्ता वाचून दाखवावा. मोटार विम्यात गाडीची किंमत धरताना सहा महिने उलटले की १५ टक्के घट, वर्ष उलटलं की २०, दोन वर्षांनी ३०. दहा लाखांच्या गाडीचे दीड लाख सहा महिन्यांत कागदावरच वितळतात. शिवाय राज्याचा एकरकमी कर, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला सक्तीचा झालेला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा, हे पैसे पहिल्याच दिवशी जातात आणि गाडी मनातून उतरली तरी परत येत नाहीत. आम्हाला पडलेलं महिन्याचं भाडं त्या दीड लाखाच्या पाव हिश्शाच्या आतलं होतं. आईला हिशोब पटला. भाड्याची गाडी दारात उभी राहिलेली मात्र तिला शेवटपर्यंत पटली नाही, कारण तिची पाटी काळी होती.

ही पाटी नीट बघून घ्यावी, कारण कायदा तिथेच लिहिलेला असतो. खासगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी, आणि आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो त्या गाडीची काळी, तिच्यावर पिवळी अक्षरं. या व्यवसायाला केंद्र सरकारची १९८९ ची योजना लागू आहे आणि तिच्यात परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांचा ताफा असावा लागतो. शेजारच्या इमारतीतल्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी मोबाइलवरून चार दिवस भाड्याने मिळते, स्वस्तही पडते. पण भाडं घेऊन दिलेल्या गाडीला हा विमा लागू नाही, असं खासगी गाडीच्या पॉलिसीत छापलेलं असतं. पाच रुपये वाचवायला जावं आणि घाटात कोणाला ठोकर लागली की घर विकायची पाळी यावी, हा व्यवहार नव्हे. तिसरी वाट कंपन्यांनीच काढलेल्या मासिक वर्गणीच्या योजनांची. ह्युंदाईने २०१९ साली एका भाडेकंपनीच्या साथीने ती सुरू केली, मारुतीने २०२० च्या जुलैत आपली योजना आणली आणि २०२१ मध्ये ती मुंबईत पोचली. तिथे करार बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांचा असतो. ती राहण्याची सोय झाली, पारखण्याची नव्हे. महिना पुरतो. दोन दिवस मात्र पुरत नाहीत, कारण शनिवार-रविवारच्या भाड्यात आपण अलिबाग पारखतो, गाडी नाही.

गाडी आली त्या संध्याकाळी पहिला धडा आमच्या इमारतीनेच दिला. पुनर्विकासानंतर आमच्याकडे दुमजली स्टॅक पार्किंग आलं. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, आमच्या वाट्याला वरचा पाळणा. त्याची उंची १,५५० मिलिमीटर. आम्ही आणलेली उंच बांध्याची छोटी एसयूव्ही त्यात जाईना. वॉचमनने लोखंडी टेप आणून छतावरच्या अँटेनापर्यंत माप घेतलं आणि मान हलवली. गंमत म्हणजे यात गाडीच्या लहान-मोठेपणाचा संबंधच नाही. व्हॅगन आर लांबीला ३,६५५ मिलिमीटर, अगदी आटोपशीर, पण उंची १,६७५, म्हणजे तीही बाहेर. बलेनो तिच्याहून फूटभर लांब, पण उंची १,५००, म्हणून ती सुखाने वर चढते. हे कळायला महिना कशाला, एक टेप पुरते. पण टेप घेऊन शोरूमला जाणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की यापुढे पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. घोषणा ऐकून गाडीवाले चिडले. माझं म्हणणं, दाखल्यावर पाळण्याची उंचीही लिहावी.

दुसरी गोष्ट वरच्या पाळण्याचीच. वरची गाडी खाली यायची तर खालची बाहेर काढावी लागते. खालचे गृहस्थ रात्रपाळी करून पहाटे झोपतात. म्हणजे आमच्या सकाळच्या निघण्याचा वेळ त्यांच्या झोपेवर, नाहीतर त्यांनी किल्ली वॉचमनकडे ठेवण्याच्या भरवशावर. पाहुण्यांच्या जागेत गाडी लावायची परवानगी कमिटीने महिन्यापुरती दिली, ती संपल्यावर काय होणार हे त्या महिन्यात रोज सकाळी दिसत होतं.

आईचं बसणं-उतरणं हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण गाडीच्या कुठल्याही माहितीपत्रकात तो नसतो. तिचे गुडघे दुखतात आणि ती नऊवारी नसली तरी पाचवारी साडी नेसते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उभ्या गाडीत ती बसली होती, छान आहे म्हणाली होती. घरासमोर फूटपाथचा दगड वर आलेला, मधे गटाराचं झाकण, आणि दार पूर्ण उघडायला जागा नाही. उंच गाडीत तिला आधी पाय टाकता येईना. मग तिचीच तिने रीत शोधली: पाठमोरं व्हायचं, सीटच्या कडेला टेकायचं, दाराच्या वरची मूठ धरायची आणि एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. हे जमायला सीटची कड कमरेच्या बरोबर उंचीवर हवी. चार बोटं खाली असली तर उठताना गुडघ्यावर भार, चार बोटं वर असली तर टेकताच येत नाही. शिवाय त्या गाडीत मागच्या दाराचा उंबरा रुंद होता, त्याला साडीची किनार लागून काळी व्हायची. चौथ्या-पाचव्या वेळेला आई म्हणाली, “दवाखान्यात न्यायला गाडी आणलीस, पण हिच्यात बसता यावं म्हणून आधी दवाखान्यात जायला पाहिजे.”

भाड्याच्या गाडीचा एक गुण मला आधी सुचला नव्हता. ती जुनी असते. आमची साठेक हजार किलोमीटर फिरलेली होती. हजारभर अनोळखी पाय त्या क्लचवर पडलेले. शोरूमच्या नव्याकोऱ्या गाडीत काहीच खुळखुळत नाही. या गाडीत डॅशबोर्ड कुठे करकरतो, ड्रायव्हरच्या सीटचा फोम कसा बसतो, मेच्या दुपारी एसीला मागच्या सीटपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे सगळं उघडं पडलं होतं. पाच वर्षांनी आपल्या गाडीचं काय होणार आहे ते आज बघायला मिळणं, यासाठीच खरं तर भाडं द्यावं.

पण तिचं सगळंच प्रमाण मानू नये. अशा काही गाड्यांना वेगमर्यादक बसवलेला असतो. ताशी ८० च्या वर पेडल कितीही दाबा, गाडी ढिम्म. त्यामुळे द्रुतगती मार्गावर ट्रक ओलांडताना इंजिनात दम आहे का, याचा निवाडा तिच्यावरून करता येत नाही. शिवाय चालवणाराही बदललेला असतो. अनामत रक्कम अडकलेली असल्याने प्रत्येक ओरखडा आपल्याला हजाराच्या नोटेएवढा दिसतो. गाडी घेताना आणि परत देताना भोवताली फिरून व्हिडिओ काढावा, चाकांच्या कडा आणि बंपरची खालची बाजू विसरू नये. वाद तिथेच होतात.

रस्त्यांचं म्हणाल तर चेंबूर हे गाडीचा मोह पाडणारं गाव आहे. पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली खुला झाला, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ साली, आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा शेवाला जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वाशीच्या नाक्यावर लहान गाड्यांचा टोलही गेला. नकाशा पसरला तर वाटतं, आपल्या दारातून सगळीकडे वाटा फुटल्या आहेत. मंगळवारी सकाळी त्या सगळ्या वाटा अमर महलला येऊन उभ्या राहतात. मुक्त मार्गावर मजा आहे, खाडीचा वारा, पांजरापोळजवळचे बोगदे, सिग्नल एकही नाही. आणि मग खाली उतरल्यावर पी. डिमेलो रस्त्यावर ती सगळी वाचलेली मिनिटं परत द्यायची. वर फोर्टात गाडी लावायची कुठे? पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला गाडी नेली. दुसऱ्यात एक-दोनदा. तिसऱ्यात पुन्हा स्टेशनच्या रिक्षाच्या रांगेत होतो, आणि एका सकाळी भाऊंनी खालून आमच्या खिडकीकडे बघून विचारलं, “पुसू ना?”

हे आपल्या चेंबूरला नवं नाही. मोनोरेल आठवा. २ फेब्रुवारी २०१४ ला चेंबूर-वडाळा सेवा लोकांसाठी सुरू झाली तेव्हा रांगा लागल्या होत्या. पोरंबाळं घेऊन माणसं आली, वडाळ्यापर्यंत गेली, खिडकीतून फोटो काढले आणि परत आली. जायचं कोणालाच नव्हतं, बसायचं होतं. हौस फिटल्यावर रोजचा प्रवासी किती उरतो ते पुढच्या वर्षांत डबे सांगत राहिले. मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचली, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती-नूतनीकरणासाठी थांबवली गेली. उद्घाटनाच्या रांगा बघून कोणी प्रवाशांचा अंदाज बांधला तर त्याला दोष देऊ नये. शोरूममधून उतरताना आपणही त्याच रांगेतले असतो.

मग गाडी नकोच का? तसंही नाही निघालं. एका रात्री आईला खरंच न्यावं लागलं. पाऊस होता, ॲपवरची टॅक्सी एकामागून एक रद्द होत होती, आणि खाली गाडी उभी होती. त्या एका रात्रीची किंमत विम्याच्या तक्त्यात बसत नाही आणि मी ती बसवायला जाणारही नाही. लेक महिनाभरात शिकली; भाड्याच्या गाडीवर नव्हे, शिकाऊ परवाना आल्यावर ट्रेनिंगच्या गाडीवर, पण आम्हाला गाडी चालवताना बघून तिने हट्ट धरला. महिना संपला तेव्हा हातात उरलं ते इतकंच: गाडी हवी, पण ही नको, बुटकी हवी, मागचं दार रुंद उघडणारी हवी, सीटची कड आईच्या कमरेशी हवी, आणि ऑफिसला न्यायची नसल्याने महागडी नको. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढीच त्या निर्णयाला सरकारी साथ.

पाडवा जवळ आला तसे शोरूमचे फोन सुरू झाले. सर, या आठवड्यात बुकिंग केलंत तर पाडव्याला हार घालून डिलिव्हरी देतो. मुहूर्ताचा हा धाक मोठा असतो. पारखायला लागणारा सगळा वेळ तो खाऊन टाकतो. बायकोने फोन हातात घेतला आणि त्या मुलाला सांगितलं, बलेनो घेऊन संध्याकाळी सातला आमच्याकडे ये, स्टेशनच्या बाजारातून ये, आई मागे बसून बघतील, मग पाळण्यात चढवू, वॉचमनला मी सांगून ठेवते. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. असं कोणी मागत नाही मॅडम, विचारून सांगतो, असं म्हणाला. पण आला बिचारा, साडेसातला, घामाघूम, बाजारात एका हातगाडीला आरसा घासून. आई बसली, उतरली, पुन्हा बसली. गाडी वर गेली, खाली आली. पाडव्याला आम्ही ती घेतली नाही. खालच्या गृहस्थांशी किल्लीचं काही ठरेपर्यंत थांबायचं आहे, आणि ते अजून रात्रपाळीला आहेत. पंधरवड्याने तोच मुलगा चौथ्या मजल्यावर कोणाकडे तरी दुसरी गाडी दाखवायला आला होता. गाडीतून उतरल्याबरोबर तो आधी पार्किंगकडे गेला आणि खिशातून टेप काढली.